छंदाचे मासिक आणि अनोळखी वाचक

मराठीत एखादे नवे मासिक निघाले की त्याच्या प्रकाशन समारंभाची बातमी येते आणि ते बंद पडले की त्याच्या आठवणींचे लेख येतात. या दोहोंच्या मधल्या काळात ते मासिक मिळत कोठे होते, हा प्रश्न नियतकालिकांच्या अभ्यासात क्वचितच उपस्थित केला जातो. संपादकाची दृष्टी, लेखकांचा संच, अंकांची सूची यांवर आपल्याकडे प्रबंध झाले आहेत. विक्रीचा विचार मात्र व्यवस्थापकाचे काम म्हणून बाजूला ठेवला जातो. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, एखाद्या छंदाला किंवा एकाच विषयाला वाहिलेल्या मासिकाच्या बाबतीत ही विभागणी टिकत नाही. अंक कोठे दिसतो आणि कोठे दिसत नाही याचा परिणाम त्यातील मजकुरावरच होतो, आणि म्हणून तो समीक्षेचाही विषय ठरतो.

प्रथम व्यवहार पाहू. वृत्तपत्रविक्रेत्याच्या स्टॉलवरील जागा मोजकी असते. जो अंक रोज हातोहात खपतो तो समोर क्लिपेला लटकतो. जो महिन्यात दोन खपतो तो गठ्ठ्यात आडवा पडतो आणि त्याचा फक्त कणा दिसतो. विक्रेता अंक परतीच्या बोलीवर घेतो, पैसे विक्रीनंतर देतो, आणि किमतीचा एक हिस्सा त्याच्याकडे व वितरकाकडे राहतो. यात त्याचा दोष काढण्यात अर्थ नाही. तो हातभर फळीवर संसार चालवतो. परंतु या रचनेत पक्षीनिरीक्षण, नाणेसंग्रह, बुद्धिबळ किंवा दुर्गभ्रमण यांसाठी निघालेल्या नव्या अंकाला जागा कोणत्या रांगेत द्यायची, हेच ठरत नाही. तो राजकीय साप्ताहिकांत बसत नाही, पाककृतींच्या अंकांत बसत नाही, बालमासिकांतही बसत नाही. ग्राहकाने नाव घेऊन मागितला तर तो शोधून दिला जाईल. पण नाव ठाऊक असल्याखेरीज मागता येत नाही, आणि पाहिल्याखेरीज नाव ठाऊक होत नाही. जुन्या मासिकाची या फेऱ्यातून त्याच्या नावलौकिकाने सुटका होते. नव्याला तो आधार नसतो.

हिशेब मांडून पाहिला तर अडचण अधिक स्पष्ट होते. समजा, अशा मासिकाच्या 1000 प्रती छापल्या. 400 वर्गणीदारांना गेल्या, 600 स्टॉलसाठी उरल्या. त्या 200 ठिकाणी वाटल्या तर प्रत्येकी तीन प्रती होतात, आणि तीन प्रतींचा अंक कोणी दर्शनी लावत नाही. त्याच 20 ठिकाणी ठेवल्या तर प्रत्येकी तीस होतात. त्या दिसतील, पण त्या वीस गावांबाहेरच्या छांदिष्टाला त्यांचा उपयोग नाही. सर्वसाधारण मासिकाचा वाचक गर्दीत असतो आणि म्हणून गर्दीच्या ठिकाणी सापडतो. विशेष विषयाचा वाचक गावोगाव एकेकटा विखुरलेला असतो. स्टॉलची व्यवस्था गर्दीसाठी आहे, विखुरलेल्यांसाठी नाही.

विखुरलेल्यांसाठीची व्यवस्था म्हणजे टपाल, आणि मराठीत तिचा इतिहास मोठा आहे. केवळ कवितेला वाहिलेले ‘काव्यरत्नावली’ हे मासिक नारायण नरसिंह फडणीस यांनी 1887 साली सुरू केले ते मुंबईत वा पुण्यात नव्हे, तर जळगावात. केशवसुतांच्या अनेक कविता त्यातून प्रसिद्ध झाल्या आणि सुमारे अर्धशतकभर ते चालले. एका विषयाचे मासिक आडबाजूच्या गावातून टिकून राहू शकते, याचा याहून चांगला दाखला देता येणार नाही. तथापि टपालाचीही एक अट होतीच. 1898 च्या भारतीय डाकघर कायद्यात नोंदणीकृत वृत्तपत्र म्हणून टपालदराची सवलत मिळण्यासाठी अंक 31 दिवसांहून अधिक अंतराने निघता कामा नये आणि वर्गणीदारांची खरीखुरी यादी असली पाहिजे, असे म्हटले होते. त्या कायद्याची जागा 2024 साली नव्या कायद्याने घेतली. पण शतकाहून अधिक काळ या अटीने एक गोष्ट निश्चित केली. दोन किंवा तीन महिन्यांनी निघणाऱ्या, म्हणजेच अल्पसाधन आणि बहुधा एकविषयक असणाऱ्या, नियतकालिकाला ती सवलत नव्हती. आणि यादी आधी, सवलत मागाहून, असा क्रम असल्याने नवागताला येथेही आधी ओळखीचे वाचक गोळा करूनच यावे लागे.

काही नियतकालिकांनी यातून वेगळी वाट काढली. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे ‘संगीत कला विहार’ 1947 पासून निघाले, आणि त्याच्या मागे मंडळाच्या परीक्षा, केंद्रे आणि शिक्षक यांचे जाळे होते. गायनाच्या शिक्षकाच्या खोलीत पडलेला अंक हाच त्याचा स्टॉल. मराठी विज्ञान परिषद 1966 साली स्थापन झाली, तिच्या पत्रिकेलाही विभागांचे आणि सभासदांचे असेच पाठबळ लाभले. ज्या छंदामागे संस्था आहे त्याचे मासिक तरते. ज्याच्यामागे फक्त दोन-चार उत्साही माणसे आहेत त्याला मात्र बाजारात उभे राहण्यावाचून गत्यंतर नसते, आणि बाजार त्याला वर्षातून एकदाच उभे राहू देतो.

तो एकदाचा प्रसंग म्हणजे दिवाळी. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून रूढ झालेल्या या प्रथेने मराठी विक्रेत्याची फळी वर्षातून काही आठवडे रुंद केली. त्या दिवसांत अपरिचित नाव चाळून पाहण्याची ग्राहकाची तयारी असते आणि विक्रेत्याचीही ते मांडण्याची. म्हणूनच चित्रकलेला वाहिलेला ‘चिन्ह’ असो वा किल्ल्यांना वाहिलेला ‘दुर्गांच्या देशातून’ असो, एकेका विषयाच्या संपादकांनी वार्षिकाचा मार्ग धरलेला दिसतो. या अंकांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु वार्षिक आणि मासिक यांत केवळ संख्येचा फरक नसतो. छंदाला बारमाही सोबत लागते. थंडीत पाणवठ्यावर आलेले पक्षी, पावसात निसरड्या झालेल्या वाटा, मागच्या अंकातील चुकीची दुरुस्ती, तिला आलेले प्रत्युत्तर, संग्राहकांची देवघेव हे सारे महिन्याच्या महिन्याला घडावे लागते. वार्षिकात ते मावत नाही. वार्षिक संग्राह्य होते, देखणे होते, जाडजूड होते. पण ते वाचकाला विचारत नाही आणि वाचकही त्याला उलट लिहीत नाही. बाजारात दिसण्याची किंमत म्हणून मराठीतील छंदविषयक लेखनाने आपला संवादाचा गुण पुष्कळसा गमावला आहे.

जे मासिक स्टॉलवर गेलेच नाही त्याचे काय होते? त्याचा प्रत्येक वाचक संपादकाला नावानिशी ठाऊक असतो. हे सुख आहे, पण त्याचा गद्यावर हळूहळू परिणाम होतो. लेखाला प्रस्तावना लागेनाशी होते, कारण विषय सर्वांना माहीत असतो. पारिभाषिक शब्द उलगडण्याची गरज उरत नाही. मतभेद सौम्य होतात, कारण ज्याच्याशी मतभेद आहे तोही वर्गणीदारच असतो. संपादकीयात विषयाची चर्चा कमी आणि वर्गणी पाठवण्याची विनंती अधिक दिसू लागते. पाच-सात वर्षांनी असे मासिक म्हणजे एका कुटुंबाची बातमीपत्रिका होते, आणि नेमक्या त्याच वेळी ‘नवे वाचक का येत नाहीत’ असा प्रश्न तेथे विचारला जातो.

या अदृश्यतेला प्रतिष्ठा मिळण्याचे एक कारण आपल्या वाङ्मयीन इतिहासात आहे. 1950 च्या दशकातील ‘शब्द’पासून पुढच्या दशकातील ‘असो’, ‘वाचा’, ‘येरू’ यांच्यापर्यंत लघुनियतकालिकांनी दुकानाबाहेर राहणे ही भूमिका म्हणून स्वीकारली. ती त्यांना शोभली, कारण त्यांचे भांडण दुकानात मांडलेल्या प्रतिष्ठित साहित्याशीच होते. परंतु नाणेसंग्राहकाच्या किंवा बागप्रेमीच्या मासिकाचे कोणाशी भांडण नसते. त्याने दुर्मिळतेचा अभिमान बाळगणे म्हणजे दुसऱ्याच्या लढाईतले चिलखत घालून आपल्या अंगणात बसणे होय.

याउलट, विषय सांभाळूनही परक्यासाठी दार उघडे ठेवल्याची उदाहरणे मराठीत आहेत. ‘किर्लोस्कर खबर’ 1920 साली निघाले ते एका कारखान्याचे पत्रक म्हणून. शंकरराव किर्लोस्करांनी कारखान्याशी काडीचाही संबंध नसलेल्या वाचकाला डोळ्यांसमोर ठेवले आणि त्यातून महाराष्ट्रातील एक अग्रगण्य मासिक घडले. केशवराव कोठावळे यांनी 1964 साली सुरू केलेले ‘ललित’ हे ग्रंथविषयक मासिक, म्हणजे एका अर्थाने वाचनाच्या छंदाचेच मासिक. त्यात जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ या नावाने लिहीत. ग्रंथपरीक्षणे वाचण्याची ज्याला सवय नाही असा माणूसही त्या सदरासाठी अंक उचलत असे आणि एकदा उचलला की बाकीचे चाळत असे. विशेष विषयाच्या मासिकाला असे एक तरी पान लागते, ज्यातून विषयाबाहेरचा माणूस आत येऊ शकेल. ते पान लिहिण्याची निकड मात्र संपादकाला तेव्हाच भासते, जेव्हा अनोळखी हाताने अंक उचलला जाण्याची शक्यता असते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणांस हा प्रश्न अधिक जवळचा आहे. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा किंवा हैदराबाद येथील स्टॉलवर मराठी मासिक हेच मुळात विशेष वर्गात मोडते. तेथे ‘सर्वसाधारण’ मराठी मासिक असा प्रकारच नाही. जी अडचण पुण्यातील पक्षीमित्राच्या मासिकाला आज जाणवते ती आपल्या पूर्वजांनी पिढ्यान् पिढ्या सोसली आणि तिच्यावर उपायही शोधला. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय 1848 चे. वडोदऱ्यास सयाजीराव महाराजांनी 1910 साली अमेरिकेहून बोर्डन यांना पाचारण करून ग्रंथालयांची व्यवस्था उभारली आणि पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरवल्या. तेथून 1912 साली ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघाले. ग्रंथालयशास्त्रासारख्या अरुंद विषयावर, आणि तेही महाराष्ट्राबाहेरून. वाचनालयाचे मेज हाच आपला स्टॉल होता. तेथे कोणी काही विकत घ्यायला आलेला नसे. वर्तमानपत्र वाचून झाल्यावर हात आपोआप शेजारच्या अंकाकडे जाई, आणि अनोळखी मासिकाची ओळख त्या रिकाम्या दहा मिनिटांत होई.

आज फोनवरून पैसे पाठवून कोणताही अंक घरपोच मागवता येतो, मग मेज आणि फळी हवी कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. त्याचे उत्तर वर आलेच आहे. मागवण्याची सोय ज्याला नाव ठाऊक आहे त्याच्यासाठी आहे. स्टॉल आणि मेज ही ज्याला नाव ठाऊक नाही त्याची जागा होती, आणि छंद लागण्याची सुरुवात नेहमी त्याच माणसापासून होते. नाणी जमवणारा मासिक शोधून काढीलच. पण ज्या मुलाला आपल्याला नाण्यांचे वेड लागू शकते हेच अजून माहीत नाही, त्याला ते समोर पडलेले दिसले पाहिजे.

तेव्हा येथे आपल्या मंडळांविषयी थोडे स्पष्ट लिहिणे प्राप्त आहे. पुष्कळ वाचनालयांत नियतकालिकांची यादी वर्षातून एकदा कार्यकारिणीपुढे येते आणि मागील वर्षीचीच यादी पुढे चालू ठेवण्याचा ठराव होतो. एखादे मासिक बंद पडल्याने जागा रिकामी झाली तर ती बहुधा काटकसरीत जाते. स्टॉलवाल्याला निदान पोटाची सबब आहे. आपल्याला तीही नाही. प्रत्येक वाचनालयाने वर्षाकाठी दोन नव्या, अपरिचित, एकविषयक मासिकांची वर्गणी एका वर्षापुरती भरावी, ते अंक कपाटात न ठेवता वर्तमानपत्रांच्या शेजारी ठेवावेत आणि वर्षअखेरीस त्यांच्या जागी दुसरी दोन आणावीत, इतकी साधी ही गोष्ट आहे. खर्च फार नाही. आपल्या पत्रिकांनीही पुस्तकपरीक्षणाप्रमाणे नव्या मासिकाच्या पहिल्या अंकाचे परीक्षण छापावे आणि त्याच्या अखेरीस अंक कोठे व कसा मिळेल ते लिहावे. ते परीक्षण करताना एक कसोटी लावण्यासारखी आहे: या अंकातील किती पाने अशी आहेत, जी संपादकाला न ओळखणाऱ्या वाचकासाठी लिहिली गेली आहेत? ज्या अंकात अशी पाने आहेत तो आपल्या मेजावर प्रथम यावा.