क्वेडलिंबुर्गचें स्थलमाहात्म्य आणि त्याचे कागद : एक परीक्षण

जर्मनीच्या साक्सनी-आन्हाल्ट प्रांतांत, हार्ट्झ पर्वताच्या उत्तर पायथ्याशीं, क्वेडलिंबुर्ग म्हणून एक लहानसें शहर आहे. वस्ती पंचवीस हजारांहून कमी. इ. स. १९९४ मध्यें युनेस्कोनें तें जागतिक वारशाच्या यादींत घातलें. त्याच्याविषयीं प्रवाशांसाठीं लिहिलेल्या पुस्तकांस तोटा नाहीं. त्यांपैकीं बहुतेकांची घडण आपल्याकडील स्थलमाहात्म्यांसारखी असते : आरंभीं राजा, मग एखादा अद्भुत योग, मग देवालय, आणि शेवटीं फलश्रुति. माहात्म्यांचा आम्हांस तिटकारा नाहीं. लोकांनीं आपल्या गांवाविषयीं काय मानिलें हें कळण्यास तीं उपयोगीच पडतात. परंतु माहात्म्य हेंच प्रमाण म्हणून पुढें येऊं लागलें म्हणजे त्याचें परीक्षण करणें भाग पडतें. या शहराच्या बाबतींत तर तें विशेष अगत्याचें आहे. कारण येथील एका दंतकथेच्या नायकास विसाव्या शतकांत राज्यकर्त्यांनीं आपल्या कामास जुंपिलें, आणि अस्सल लेख मात्र कांहीं सरसाच्या भांड्यांत गेले व कांहीं शिपायाच्या टपालांत.

प्रथम भूमि पाहूं. हार्ट्झमधील सर्वांत उंच शिखर ब्रोकेन, १,१४१ मीटर. त्याच्या परिसरांत उगम पावणारी बोडे नदी थाले गांवापाशीं खोल घळींतून डोंगराबाहेर पडते, आणि तेथून थोड्याच अंतरावर मोकळ्या मैदानांत हें शहर लागतें. पश्चिमेकडून येणारे ढग डोंगरावर अडत असल्यामुळें इकडे पाऊस कमी. जमीन मात्र सुपीक. एकोणिसाव्या शतकांत येथील लोकांनीं फुलांचें व बीटाचें बियाणें तयार करून दूरदूर पाठविलें, त्यांस या कोरड्या हवेचा चांगलाच उपयोग झाला. नदीच्या बाजूस वालुकाश्माची एक टेकडी आहे. तीवर संत सर्वेशियसचें मंदिर व मठ. टेकडीच्या पायथ्याशीं जुनी पेठ आणि तिच्या पूर्वेस नवी पेठ. या दोन्ही इ. स. १३३० मध्यें एक झाल्या. लांकडी सांगाड्यांचीं सुमारें १,३०० जुनीं घरें येथें उभीं आहेत.

भूमीचा विषय निघालाच आहे, तर येथें जन्मलेल्या एका पुरुषाचें नांव घेतल्यावांचून पुढें जाववत नाहीं. आधुनिक भूगोलशास्त्राच्या आद्य पुरुषांपैकीं कार्ल रिटर हा १७७९ मध्यें याच शहरांत जन्मला. त्याच्या प्रचंड भूवर्णनग्रंथांतील हिंदुस्थानावरील भाग १८३५-३६ मध्यें छापले गेले. ग्रंथकार हिंदुस्थानांत कधींही आला नव्हता. सारें काम त्यानें दुसऱ्यांच्या लेखांवरून केलें. भूमि ही इतिहासाची नुसती रंगभूमि नसून त्याचें एक कारणही आहे, हें त्याचें मत होतें. तें त्याच्याच जन्मगांवास लावून पाहण्यासारखें आहे. वर टेकडी, खालीं बाजार, ही जी येथील रचना, तिच्यांतच या शहराचें पुढील आठशें वर्षांचें भांडण बसलेलें आहे.

शहराचें नांव प्रथम येतें तें राजा पहिला हेन्री याच्या २२ एप्रिल ९२२ च्या सनदेंत. हेन्री ९३६ मध्यें वारला व या टेकडीवर पुरला गेला. त्याची विधवा राणी माटिल्डा हिनें त्याच वर्षीं पुत्र पहिला ओटो याच्या संमतीनें येथें स्त्रियांचा मठ स्थापिला. थोर कुळांतील स्त्रिया तेथें राहत. ९९४ मध्यें तिसऱ्या ओटोनें बाजार, टांकसाळ व जकात यांचे हक्क मठाध्यक्षेस दिले. म्हणजे खालच्या पेठेंतील वाण्याचें नाणें, वजन आणि जकात हीं सारीं टेकडीवरील एका स्त्रीच्या हातीं होतीं. पेठ श्रीमंत झाली, १४२६ मध्यें हान्सा या व्यापारी संघांत शिरली, आणि मठाचा अंमल झुगारूं लागली. तेव्हां मठाध्यक्षा हेडविग हिनें आपले भाऊ, साक्सनीचे एर्न्स्ट व आल्ब्रेख्ट, यांस पाचारण केलें. १४७७ मध्यें त्यांच्या फौजेनें शहर घेतलें, नागरी स्वातंत्र्याचें चिन्ह असलेला रोलांडचा पुतळा पाडला, व हान्साचा संबंध तोडविला. तो पुतळा पुन्हा उभा राहण्यास १८६९ साल उजाडावें लागलें. मठाची सत्ता मात्र १८०२-०३ पर्यंत टिकली. सनदांवर उभा राहणारा हा इतिहास आहे. माहात्म्यकार त्यास दोन ओळींत उरकतात.

त्यांचा जीव रमतो तो फिंकेनहेर्ड या जागेंत. कथा अशी कीं, ९१९ मध्यें हेन्री येथें चिमण्यांसारख्या लहान पक्ष्यांसाठीं जाळें लावून बसला असतां सरदार राजमुकुट घेऊन त्याच्यापुढें येऊन उभे राहिले. त्यावरून त्यास ‘पारधी’ हें उपनांव पडलें. टेकडीखालीं ती जागा दाखवितात. दुसरीही कांहीं गांवें हाच मान आपल्याकडे घेतात, हें वेगळें. कार्ल लोवे या संगीतकारानें १८३६ मध्यें या प्रसंगाच्या कवितेस चाल लाविल्यावर ती कथा घरोघर गेली.

आतां या कथेस आधार काय तो पाहूं. साक्सन लोकांचा इतिहास लिहिणारा विडुकिंड हा हेन्रीनंतर सुमारें तीस वर्षांनीं लिहीत होता. त्यानें आपला ग्रंथ अर्पण केला तो कोणास? क्वेडलिंबुर्गचीच मठाध्यक्षा माटिल्डा, म्हणजे हेन्रीची नात, हिला. एबरहार्ड राजचिन्हें घेऊन हेन्रीकडे आला हें तो सांगतो. फ्रित्झलार येथें निवड झाली हेंही सांगतो. जाळ्याची व पक्ष्यांची गोष्ट त्याच्या लेखांत नाहीं. ज्या गांवचा हा प्रसंग, त्याच गांवच्या अधिकारिणीस, राजाच्या सख्ख्या नातीस, नजर करावयाच्या ग्रंथांत असा मनोहर प्रसंग गाळण्याचें लेखकास कारण दिसत नाहीं. उपनांव पुढें बाराव्या शतकांत लेखांतून डोकावूं लागतें. तात्पर्य, राजदूत खरे, पक्षी मागाहून आलेले.

येथवर हा निरुपद्रवी विनोद म्हणतां आला असता. पण १९३६ मध्यें हेन्रीच्या मृत्यूस एक हजार वर्षें झालीं, तेव्हां हाइन्रिख हिमलर यानें २ जुलै रोजीं या मंदिरांत मोठा समारंभ केला. पूर्वेकडील स्लाव लोकांशीं लढणारा हा राजा त्याच्या पक्षास आदिपुरुष म्हणून हवा होता. अडचण एकच : राजाची कबर रिकामी. राणी माटिल्डाची दगडी शवपेटिका तिच्या नांवानिशीं जागेवर आहे. राजाचीं हाडें कोठें गेलीं तें कोणास ठाऊक नाहीं. मग उत्खनन झालें, हाडें ‘सांपडलीं’, आणि १९३७ मध्यें थाटानें पुन्हा पुरण्यांत आलीं. १९३८ मध्यें तर तेथील उपासकांस बाहेर घालवून मंदिर एका पक्षाचें क्षेत्र करण्यांत आलें. तें १९४५ पर्यंत तसेंच राहिलें. तीं हाडें विद्वानांनीं हेन्रीचीं मानलीं नाहींत. हवें तें प्रमाण हव्या त्या वर्षीं जमिनींतून वर येऊं लागलें, म्हणजे परीक्षकानें आधीं तारीख पाहावी व मग वस्तु पाहावी, असें आम्हांस वाटतें.

या शहराची खरी दौलत म्हणजे त्याची बखर. ‘क्वेडलिंबुर्गची वार्षिकी’ या नांवानें ती ओळखली जाते. अकराव्या शतकाच्या पहिल्या तिसऱ्या भागांत ती मठांत लिहिली गेली. लेखकाचें नांव नाहीं. परंतु मठाच्या आंतील गोष्टींची माहिती आणि मठाध्यक्षेविषयींची आस्था पाहतां ती एखाद्या मठवासिनीच्या हातची असावी, हें मत सयुक्तिक दिसतें. आरंभ सृष्ट्युत्पत्तीपासून, जुन्या ग्रंथांतून उतरवून घेतलेला व नीरस; स्वतःच्या काळाजवळ येतां येतां लेखणी जिवंत होत जाते. मूळ प्रत नष्ट झाली. आज जी एकुलती एक प्रत ड्रेस्डेन येथें आहे ती सोळाव्या शतकांतील नक्कल, तीही मधून मधून तुटलेली. मार्टिना गीझे या विदुषीनें २००४ मध्यें तिची चिकित्सक आवृत्ति प्रसिद्ध केली.

या नकलेंतील एका ओळीवर एका राष्ट्रानें आपला सहस्रकोत्सव केला आहे. १००९ च्या नोंदींत ब्रूनो नामक धर्मप्रचारक रूस व ‘लितुआ’ यांच्या सीमेवर आपल्या अठरा सोबत्यांसह मारला गेला असें लिहिलें आहे. लिथुआनियाच्या नांवाचा हा पहिला उल्लेख. त्यावरूनच त्या देशानें २००९ मध्यें सहस्रकपूर्ति साजरी केली. मूळ लेख आणि उपलब्ध नक्कल यांच्यामध्यें पांच शतकें, मग या शब्दास किती मान द्यावा? मेर्सेबुर्गचा बिशप थीटमार हा ब्रूनोचा आप्त व सहाध्यायी. त्यानेंही ही हकीकत लिहिली आहे. सोबती अठराच सांगतो, पण तारीख १४ फेब्रुवारी देतो. वार्षिकींत ९ मार्च आहे. आणि लिथुआनियाचें नांव तो घेत नाहीं.

कोणी म्हणेल कीं नांव नकलकारानें घुसडलें असावें. सोळाव्या शतकांत लिथुआनिया हें बलाढ्य राज्य होतें व तें त्यास ठाऊक असणारच. आम्हांस हें पटत नाहीं. घुसडणारा आपल्या काळीं रूढ असलेलें लांब रूप घालता; येथें आंखूड, अनोळखी रूप आहे, आणि नकलकारास न कळणारा पाठ हा बहुधा जुनाच असतो. शिवाय थीटमारनें व पुढील अनेक वृत्तलेखकांनीं ही वार्षिकी वापरली असल्यामुळें, लुप्त ग्रंथाचे श्लोक टीकाकारांच्या अवतरणांतून जुळवावे त्याप्रमाणें, तिचा पुष्कळ भाग ताडून पाहतां येतो. जेथें ताळा जमतो तेथें नकलकार प्रामाणिक दिसतो. तारखेचा भेद मात्र मिटत नाहीं, आणि सोहळ्याकरितां तो मिटवूंही नये.

संग्राहकांनीं विशेष लक्ष घालावें असें प्रकरण याच्या पुढचें आहे. १८६५ पासून क्वेडलिंबुर्ग येथें सतराव्या शतकांत बांधलेल्या कांहीं पुस्तकांच्या पुठ्ठ्यांतून चर्मपत्राचीं जुनीं पानें निघूं लागलीं. एकूण सहा पानें हातीं आलीं. तीं जुन्या करारांतील शमुवेल व राजे यांच्या कथांचीं, प्राचीन लॅटिन भाषांतराचीं, आणि सचित्र. रोममध्यें इ. स. ४२० ते ४४० च्या सुमारास तीं तयार झालीं असावींत असा तज्ज्ञांचा निर्णय आहे. बायबलाची उपलब्ध असलेली सर्वांत जुनी सचित्र पोथी ती हीच. पुस्तकें बांधणाऱ्यास ती पोथी म्हणजे मजबूत कातडें, एवढेंच. त्यानें पानें कापलीं, सरस लावला, व चिकटवून मोकळा झाला.

पुढें तीं सोडवितांना चित्रांचा रंग पुष्कळ ठिकाणीं उखडला. पण रंगाखालीं अक्षरें निघालीं! चित्रकारानें अमुक मनुष्य येथें काढावा, तो अमुक करीत आहे असा दाखवावा, अशा सूचना तेथें लिहिलेल्या होत्या. पांचव्या शतकांतील कारखान्यांत काम कसें चालत असे याचा असा पुरावा दुसरीकडे सहसा मिळत नाहीं. कोणी संग्राहक यावरून म्हणेल, नाशांतून लाभच झाला. हा युक्तिवाद आम्ही ऐकला आहे व तो घातक आहे. लाभ झाला तो पानें कोणत्या पुठ्ठ्यांतून निघालीं, तें पुस्तक कोठचें व केव्हां बांधलें, याची नोंद राहिली म्हणून. ती नोंद नसती तर हीं बेवारशी पानें ठरतीं व क्वेडलिंबुर्गचें नांवही त्यांस लागतें ना. आज तीं बर्लिनच्या राजग्रंथालयाच्या वारस संस्थेंत आहेत. जुनी बांधणी फोडून आंतील चिठोरी काढणाऱ्यांनीं फोडण्यापूर्वीं बांधणीचें वर्णन लिहून ठेविलें नाहीं, तर पोथी बांधणाराचा दोष व त्यांचा दोष यांत अंतर उरत नाहीं.

मंदिराच्या भांडारांत आणखी एक पोथी होती : नवव्या शतकांतील, सोन्याच्या अक्षरांनीं लिहिलेली, समुएल या लेखकाच्या नांवानें प्रसिद्ध असलेली शुभवर्तमानांची प्रत. वेष्टन रत्नजडित, तेराव्या शतकांतील. तिच्या जोडीस १५१३ चें एक छापील पुस्तकही तशाच जडावाचें होतें. युद्धांत हा ठेवा शहराजवळच्या एका गुहेंत हलविला होता. १९४५ च्या एप्रिलमध्यें अमेरिकन फौज आली. तींतील जो मीडर नांवाच्या अधिकाऱ्यानें बारा वस्तु काढून घेऊन टपालानें टेक्ससमधील आपल्या घरीं रवाना केल्या. शहर लवकरच सोव्हिएट ताब्यांत गेल्यामुळें शोध खुंटला. मीडर १९८० मध्यें वारला. वारसांनीं पोथी विकावयास काढली, तेव्हां ती विद्वानांस पूर्वींपासून ठाऊक असल्यामुळें ओळखूं आली. शेवटीं तडजोड होऊन सुमारें २७॥ लाख डॉलर देऊन वस्तु सोडवून आणाव्या लागल्या, व १९९३ मध्यें त्या टेकडीवर परत आल्या. वारसांवर १९९६ मध्यें फौजदारी झाली, ती मुदत टळल्याच्या कारणानें निघाली.

मालकानें स्वतःचीच वस्तु पैसे मोजून घेतली, हा व्यवहार न्याय्य होता असें आम्ही म्हणणार नाहीं. पण जे ग्रंथकार रत्नें मोजून या पोथीचें मोल सांगतात त्यांच्याशींही आमचें जुळत नाहीं. वेष्टन पोथीहून सुमारें चारशें वर्षांनीं लहान आहे. ती परत घेण्यासारखी होती ती आंतील अक्षरांकरितां, आणि ज्या मठांत ती इतकीं शतकें वाचली गेली तेथील इतर लेखांशेजारीं ठेवून तपासतां यावी याकरितां. बारांपैकीं दोन वस्तु परत आलेल्या नाहींत, आणि त्यांचा पत्ता अद्याप लागलेला नाहीं.