आनंदनगरातला पाद्री

गरिबांच्या वस्तीत राहायला येणारा भला माणूस कादंबरीकाराला नेहमीच मोहात पाडतो. कथेला आयता नायक मिळतो, वाचकाचे अंतःकरण द्रवते आणि खुद्द वस्ती मात्र नाटकातल्या मागच्या पडद्यासारखी लोंबत राहते. दोमिनिक लापिएर या फ्रेंच लेखकाची ‘द सिटी ऑफ जॉय’ (१९८५) ही कादंबरी मी हीच शंका मनात धरून वाचायला घेतली. शंका पुरती फिटली नाही. पण एका प्रसंगाने मला जागच्या जागी खिळवले.

खाणमजुराचा मुलगा असलेला स्तेफान कोवाल्स्की हा पाद्री आनंदनगर झोपडपट्टीत येतो. हे आनंदनगर म्हणजे हावड्याचा पिलखाना. तिथे काम केलेले फ्रेंच पाद्री फ्रान्स्वा लाबोर्द या पात्रामागे आहेत, असे मानतात. चर्चच्या निवासातली सोय नाकारून कोवाल्स्की वस्तीतच एक खोली भाड्याने घेतो. इथवर सारे अपेक्षेप्रमाणे. पुढे तो शेजाऱ्यांना जमवून विचारतो, तुम्हांला सर्वांत आधी काय हवे? पाणी, गटारे, औषधे ही उत्तरे आपण मनाशी धरून बसलेले असतो. लोक मागतात रात्रीची शाळा! दिवसभर कारखान्यांत आणि चहाच्या दुकानांत राबणाऱ्या पोरांना लिहावाचायला यावे, हे त्यांचे पहिले मागणे.

मी शाळामास्तर. रात्रशाळेत वहीवर डोके टेकून झोपी गेलेली मुले मी पाहिली आहेत, त्यांच्यावर रागावलोही आहे. इतके थकूनही तुम्ही येता कशासाठी, हे मात्र मी त्यांना कधी विचारले नाही. पाद्रीबुवांनी विचारले. मला त्यांचे मोठेपण त्यांच्या त्यागापेक्षा या प्रश्नात दिसते.

दुर्दैवाने लेखकाला हे ऐकणे फार वेळ साधत नाही. कुष्ठ, उपासमार, मृत्यू यांच्या वर्णनांवर तो आनंदाचा लेप चढवू लागतो. दारिद्र्यातले हसू खरे असते, यात संशय नाही. परंतु ते वारंवार दाखवले, की दारिद्र्याचेच समर्थन होऊन बसते. त्या मानाने हसारी पाल हा रिक्षावाला अधिक जिवंत उतरला आहे. मुलीच्या लग्नासाठी जिवंतपणीच आपला सांगाडा विकणारा हा बाप कोणाच्या पुण्याईचे साधन होत नाही. १९९२च्या चित्रपटाने तर पाद्री गाळून अमेरिकन डॉक्टरलाच नायक केले. वेष बदलला, पण तारणहार हवाच!

आपल्याकडे जयवंत दळवींच्या ‘चक्र’मध्ये (१९६३) असा तारणहार नाही. मुंबईच्या झोपडपट्टीतली ती माणसे स्वतःच्याच बळाने उभी राहतात किंवा कोसळतात. कलाकृती म्हणून मला ‘चक्र’ उजवी वाटते. पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आम्ही लेखकमंडळी वस्तीत जातो ती पाहायला, टिपून घ्यायला. परतताना आमची वही भरलेली असते आणि विचारायचे राहूनच गेलेले असते. कोवाल्स्कीने आधी विचारले. ‘द सिटी ऑफ जॉय’चे सारे दोष मान्य करूनही तेवढ्यासाठी ती वाचावी, असे मी म्हणेन.