शेजार आहे, सोयरीक व्हावी

दिवाळी सरली, धान हाती आले की गोंदिया जिल्ह्यातल्या गावोगावी मंडई भरते. दिवसा दंडार ही लोककला, रात्री नाटक. अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनीकडे दुपारी ढोलकीवर दंडारीचा ठेका घुमतो. त्याच गावात रात्री ऑर्गनचा सूर लागतो, तबला जुळतो आणि नाट्यपद सुरू होते. 1880च्या ‘संगीत शाकुंतल’पासून मराठी रंगभूमीने जोपासलेली रागदारी पदांची रीत पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीने पहाटेपर्यंत जागून सांभाळली. 2023मध्ये झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा या जागरणाचाच मान झाला.

पण माझ्या कानाला एक उणीव सतत जाणवते. एकाच गावात लोकधून आणि राग यांचा इतका जुना शेजार असूनही त्यांची सोयरीक जुळलेली नाही. दंडारीची धून नाटकात येते ती प्रसंगापुरती. पदाची चाल बांधताना तिच्याकडे क्वचितच पाहिले जाते.

ही सोयरीक कशी होते, हे कुमार गंधर्वांनी दाखवले. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत 1924 साली जन्मलेले कुमारजी क्षयाच्या आजारामुळे 1948मध्ये देवासला गेले. गाणे बंद झाले, कान मात्र उघडे राहिले. माळव्यातल्या बायकांची गाणी त्यांनी ऐकली, जमवली, स्वरलिपीत उतरवली. चार-पाच स्वरांच्या त्या धुनांत त्यांना रागांची बीजे दिसली. त्यांतून धुनउगम राग घडले. 1965मध्ये त्यांचा ‘अनूपरागविलास’ हा ग्रंथ आला. लोकधून वापरण्याची दुसरीही रीत असते. स्वीडनच्या ह्यूगो आल्फव्हेन या संगीतकाराने 1903मध्ये लोकनृत्यांच्या चाली वाद्यवृंदात गुंफल्या, तेव्हा त्या मूळ रूपात सहज ओळखू येत होत्या. कुमारजींनी मात्र धून उचलून रागावर ठेवली नाही. तिच्यात राग उगवू दिला. मला ही वाट अधिक खोल वाटते, कारण तिच्यात लोकगीत पाहुणे राहत नाही, मूळ पुरुष होते.

झाडीपट्टीत हे घडायला काय हवे? डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा अभ्यास करून तिला जशी प्रतिष्ठा मिळवून दिली, तशी दंडारीच्या चालींची स्वरलिपी व्हायला हवी. तीही लवकर. कारण ऑर्गनच्या जागी कीबोर्ड आला, तबल्याशेजारी ऑक्टोपॅड बसला, आणि सिनेमाच्या चाली दंडार व नाट्यपद या दोघांचीही जागा घेऊ लागल्या आहेत. मला खंत वाद्यांची नाही. कीबोर्डवरही दंडारीची धून वाजेल, पण वाजवणाऱ्याच्या कानात ती असली तर.

म्हणून दुपारी दंडार संपल्यावर रात्रीच्या ऑर्गनवाल्याने गाणाऱ्यापाशी तासभर बसावे. पुढच्या मंडईत एक पद तरी त्या धुनेतून उगवलेले ऐकू यावे. गाव तेच, मांडव तोच. अंतर आहे ते दुपार आणि रात्र यांमधले.