‘असूड’ आणि कचेरी

जोतिराव फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’चा संताप आपण गौरवतो आणि पुस्तक फळीवर ठेवतो. मला त्यातले कचेरीचे चित्र अधिक मोलाचे वाटते. १८८३ सालच्या या ग्रंथात लाच खाणारा चांगला शिकलेला कारकून आहे. अक्षरशत्रू आहे तो देणारा. शाळा एकाला मिळाली, दुसऱ्याला नाही. त्या अंतराचे भाडे म्हणजे लाच! (दिवाळीच्या पहाटे आपण कारीट चाखतोच, तेव्हा हा कडू विषयही चालावा.)

उस्लानर आणि रोथस्टाइन या अभ्यासकांनी २०१६ मध्ये देशोदेशींचे १८७० सालचे शालेय शिक्षण आजच्या भ्रष्टाचाराशी ताडून पाहिले. जिथे शाळा लवकर सर्वांची झाली, तिथे आज लाचलुचपत कमी. निष्कर्ष पटतो, पण देशाच्या सरासरीत गाव हरवते. हिंगोलीचेच पाहा ना! १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा. दफ्तर उर्दू, शेतकरी मराठी. मराठी लिहिता येणाराही कचेरीत निरक्षरच. स्वतःचाच कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा!

१९९९ पासून हिंगोली स्वतंत्र जिल्हा आहे. सातबारा मराठीत, मोबाइलवरही दिसतो. तरी फेरफार करायचा म्हटला की माणूस आधी ओळखीचा शोधतो. ही सवय वाडवडिलांची आहे, आणि ती आकड्यांत मावत नाही.

सारा रयतेचा, मग खर्च वरच्या वर्गांच्या शिक्षणावर का, असे जोतिरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे विचारले होते. फी भरून शहरात शिकणारी मुले आणि गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत उरलेली मुले पाहिली, की तो सवाल मला मुळीच जुना वाटत नाही.