कर्ता नसलेले वाक्य

दोन वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या तोंडावर, डोंबिवली पूर्वेतील आमच्या जुन्या इमारतीच्या जिन्यात एक नोटीस चिकटवलेली दिसली. ती कोणत्या कार्यालयाची होती हे इथे महत्त्वाचे नाही. ठाण्यापासून कल्याणपर्यंत दर मे महिन्यात जागोजागी अशा नोटिसा लागतात आणि त्यांचा मजकूर जवळजवळ सारखाच असतो. ‘सदर इमारत अतिधोकादायक असल्याचे निदर्शनास आले असून ती तात्काळ रिक्त करण्यात यावी. अन्यथा नियमानुसार कारवाई करण्यात येईल. दुर्घटना घडल्यास होणाऱ्या जीवित व वित्तहानीस प्रशासन जबाबदार राहणार नाही.’ तळमजल्यावरच्या काकूंनी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि मला विचारले, ‘‘पण हे पाहिलं कोणी? आमच्याकडे तर कोणी आलं नव्हतं.’’

मी तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले. काकूंचा प्रश्न मला आधी व्याकरणाचा वाटला. निदर्शनास आले, कोणाच्या? रिक्त करण्यात यावी, कोणी? कारवाई करण्यात येईल, कोणाकडून? तिन्ही ठिकाणी कर्ता गाळलेला आहे. संपूर्ण मजकुरात कर्ता एकदाच हजर होतो, तो शेवटच्या वाक्यात: प्रशासन जबाबदार राहणार नाही. पाहणारा, सांगणारा, कारवाई करणारा कोणी नाही. जबाबदारी नाकारणारा मात्र आहे. आपल्या नोकरशाहीचा अभ्यास करायचा असेल तर तिच्या इमारतींपेक्षा आणि पदांच्या उतरंडीपेक्षा या वाक्यापासून सुरुवात करावी, असे मला वाटते.

कार्यालयीन मराठीवर आपल्याकडे वाद कमी झाले नाहीत. पण ते नेहमी शब्दांवर झाले. शिवकाळात फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश झाला. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९६० मध्ये भाषा संचालनालय आले, पुढे पदनाम कोश आला आणि आचार्य अत्र्यांनी त्याला ‘बदनाम कोश’ ठरवले. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठीला कारभाराचे स्थान दिले. इंजिनिअर म्हणावे की अभियंता, फाइल म्हणावे की नस्ती, यावर आपण साठ वर्षे हिरीरीने भांडलो. वाक्याकडे कोणी पाहिले नाही. इंग्रजी आदेशातली निनावी रचना तशीच उचलून तिच्यावर संस्कृत शब्दांचा साज चढवला गेला. शब्द आपले झाले. वाक्य मात्र परकेच राहिले.

जुने मराठी दप्तर असे नव्हते. पत्राच्या आरंभी कोण कोणाला लिहितो आहे आणि दोघांचे नाते काय, हे मायन्यातच स्पष्ट होई. वर शिक्का असे आणि मजकूर संपला की अखेरीस मोर्तब. मजकूर इथे संपला, यापुढे कोणी काही जोडू नये, हा त्याचा अर्थ. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द तिथून आपल्या बोलण्यात आला. त्या काळचा कारभार न्यायी होता असा याचा अर्थ नव्हे. मर्जी, वशिला, वतनाचा हक्क हे सगळे त्यात होतेच. पण आज्ञा कोणाची, हे आज्ञा ऐकणाऱ्याला माहीत असे.

इथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. नोकरशाहीचा पहिला मोठा भाष्यकार माक्स वेबर (१८६४–१९२०) याने व्यक्तिनिरपेक्षता हा तिचा दोष नव्हे, तर गुण मानला. साहेबांची मर्जी नको, नियम हवा. ओळख नको, अर्ज हवा. रांगेत उभ्या असलेल्या सामान्य माणसासाठी हे फार मोठे संरक्षण आहे आणि ते सोडून चालणार नाही. मात्र याच वेबरने लेखी कागदालाही तितकेच महत्त्व दिले, कारण निर्णयाचा माग त्यावरूनच काढता येतो. समोरचा कोण आहे हे न पाहणे म्हणजे तटस्थता. आपण कोण आहोत हे न सांगणे म्हणजे निनावीपणा. आपल्या कार्यालयीन मराठीने दुसऱ्यालाच पहिल्याचे नाव देऊन टाकले.

ठाणे-कल्याण पट्ट्यात हा निनावीपणा अधिक रुजायला स्थानिक कारणेही आहेत. ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये आणि कल्याणची १९८३ मध्ये झाली. कल्याण-डोंबिवलीत पहिली निवडणूक व्हायला मात्र १९९५ उजाडले. तोवर कारभार प्रशासकाच्या हाती होता. २०२० च्या नोव्हेंबरात सभागृहाची मुदत संपली आणि पुन्हा काही वर्षे तेच झाले. भोवतालची सत्तावीस गावे १९८३ मध्ये पालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर गेली, २०१५ मध्ये परत आली. २०२० मध्ये त्यांतली अठरा पुन्हा वगळण्याचा निर्णय झाला आणि उच्च न्यायालयाने तो रद्द केला. गावकरी जागचे हलले नाहीत. त्यांच्या अर्जावरचा ‘प्रति’ तेवढा बदलत राहिला. तक्रार कोणाकडे न्यायची हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला ‘करण्यात येईल’ या वाक्यात काही खटकतही नाही.

याची किंमत किती, हे डोंबिवलीतल्या पासष्ट इमारतींच्या प्रकरणाने दाखवले. पालिकेच्या नावाने बनावट बांधकाम परवानग्या तयार झाल्या. त्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळाली. ती नोंदणी पाहून लोकांनी घरे घेतली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचा आदेश दिला. फसवणूक करणारे दोषी आहेतच. पण त्यांना वाट कोणत्या रचनेने दिली? नियामकाने पालिकेच्या कागदावर भिस्त ठेवली. दस्त नोंदवणारे दुय्यम निबंधक कार्यालय मुळात मालकी किंवा परवानगीची खातरजमा करण्यासाठी नाहीच. १९०८ च्या नोंदणी कायद्याने ते दस्त झाल्याची नोंद करते. घरकर्ज देणाऱ्या संस्थांची रीतही अशीच असते: वकिलाचा शोध अहवाल, मूल्यांकनकाराचा अहवाल, शाखेची शिफारस, मंजुरी विभागाची सही. खासगी कचेरीत टेबले चकचकीत असतात. वाक्य तेच, ‘कागदपत्रे तपासण्यात आली आहेत’. प्रत्येकाने आधीच्या कागदाकडे पाहिले. मूळ परवानगी खरोखर दिली का, हे ती देणाऱ्याला विचारण्याचे काम साखळीत कोणाच्याच नावावर नव्हते. पुढे महारेराने परवानगीची पडताळणी संबंधित नियोजन प्राधिकरणाकडून करून घेण्याची व्यवस्था आणली. म्हणजे एवढे सारे झाल्यावर एका वाक्याला कर्ता मिळाला.

४ एप्रिल २०१३ ला शीळफाट्याजवळची लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे मेली. त्यानंतर बिल्डर, पालिकेचे अधिकारी आणि पोलीस यांना अटक झाली. कोणी काय केले आणि कोणी काय केले नाही, हे शोधण्याचे काम पोलिसी कागदांवर आले. कार्यालयीन कागदांनी ते आधी का सांगू नये?

ते सांगू शकतात, कारण कर्ता मुळात हरवलेला नसतोच. नस्तीच्या आत तो असतो. लिपिकाची टिपणी, अधीक्षकाचा शेरा, वरिष्ठांची सही आणि प्रत्येकाखाली तारीख. ‘सादर’, ‘मान्य’, ‘चर्चा करावी’ या एकेका शब्दामागे एकेक माणूस आहे. पत्र बाहेर पडताना ही सारी माणसे गळतात. गेल्या वीस वर्षांतले चांगले कायदे त्यांना परत आणू पाहतात. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने जन माहिती अधिकारी नेमला आणि उशीर झाल्यास त्याच्यावर व्यक्तिशः रोज २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंडाची तरतूद केली. त्याच वर्षी राज्याच्या विलंब प्रतिबंधक कायद्याने नस्ती एका टेबलावर सात कामाच्या दिवसांहून जास्त पडून राहू नये असे सांगितले. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने प्रत्येक सेवेला मुदत आणि पदनिर्देशित अधिकारी दिला. या तिन्ही कायद्यांची दिशा एकच आहे: क्रियापदाला माणूस जोडणे. पत्रांची भाषा मात्र अजून तिथे पोहोचलेली नाही.

काकूंच्या प्रश्नाचे उत्तर शोधायला मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. नस्तीतल्या एका पानाची प्रत मिळाली. ‘बाहेरून पाहणी केली. मागील बाजूस तडे दिसतात. तज्ज्ञ तपासणी आवश्यक.’ खाली कनिष्ठ अभियंत्याची सही आणि तारीख. तीन साधी वाक्ये, आणि तिन्ही प्रामाणिक. जिन्यात पोहोचेपर्यंत त्यांची नोटीस झाली होती.

त्या कागदाच्या आधारे सोसायटीने स्ट्रक्चरल ऑडिट करून घेतले. अभियंता दोन दिवस इमारतीत फिरला, काकूंच्या स्वयंपाकघरातल्या खांबाचा गिलावा काढून आतले गंजलेले लोखंड त्याने त्यांना दाखवले, आणि अहवालावर स्वतःचे नाव व परवाना क्रमांक घालून लिहिले की इमारत राहण्यास योग्य नाही. नोटीस खोटी नव्हती. ती कोणीच बोलत नव्हते, म्हणून आम्ही ती ऐकली नव्हती. अहवाल हाती आल्यावर पंधरा दिवसांत काकूंनी सामान बांधले.