इंग्लंडांतील सरदारी घरांचा ऱ्हास व उदय : ग्रंथपरीक्षण

पीटर मँडलर यांचा इंग्लंडच्या ग्रामीण भागांतील सरदारी घरांच्या ऱ्हासोदयाचा ग्रंथ १९९७ सालीं येल विद्यापीठातर्फें प्रसिद्ध झाला. या विषयांत रूढ मत असें कीं, इंग्रज समाज ह्या घरांस सदैव पूज्य मानीत आला, परंतु वारसाकरानें मालक बुडाले व घरें जमीनदोस्त झालीं. लंडनच्या व्हिक्टोरिया व अल्बर्ट संग्रहालयांत १९७४ सालीं भरलेल्या प्रदर्शनांत हजारांहून अधिक नष्ट घरांची गणना होती; त्यानें हें मत अधिकच दृढ झालें. प्रस्तुत ग्रंथ त्याचें साधार खंडन करतो, हेंच त्याचें मुख्य मूल्य होय.

ग्रंथकर्त्यांच्या मतें हा पूज्यभाव अखंड नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सामान्य जन आगगाडीनें चॅट्सवर्थसारखीं घरें पाहावयास लोटत. १८७० नंतर अमेरिकेचें स्वस्त धान्य आलें, जमिनीचा खंड उतरला, जमीनदारांविषयीं लोकांत वितुष्ट वाढलें आणि घरांविषयींची आस्थाही आटली. १८८२ च्या कायद्यानें पिढीजात निर्बंधांतील जमीन विकण्याची मोकळीक मिळतांच कित्येक मालक स्वतःच विक्रीस प्रवृत्त झाले.

ज्याच्या सद्भावीं कार्य घडतें व अभावीं घडत नाहीं, तें कारण, ही आमच्या शास्त्रकारांची कसोटी येथें लावून पाहावी. १८९४ सालीं नव्या वारसाकराचा कमाल दर शेंकडा ८ होता. १९१९ त तो ४० व १९४९ त ८० झाला. परंतु सदरलंडच्या ड्यूकचें ट्रेंटहॅम येथील घर, कर पुढील मानानें हलका असतांनाच, १९१२ च्या सुमारास पाडलें गेलें. ड्यूक निर्धन नव्हता; ट्रेंट नदी सांडपाण्यानें नासल्यामुळें घर नकोसें झालें होतें. उलट कर पराकोटीस पोहोंचला त्याच १९४९ सालीं लाँगलीटचें घर शुल्क घेऊन लोकांस खुलें झालें. म्हणून कर हें सहकारी कारण. मूळ कारण उत्पन्नाचा क्षय व आस्थेचा लोप. आस्था परतल्यावर १९५३ च्या कायद्यानें सरकारी अनुदान मिळूं लागलें आणि १९६८ च्या कायद्यानें नोंदलेली इमारत पाडण्यास पूर्वपरवानगी आवश्यक झाली.

इतकें मान्य करूनही एक उणीव सांगणें प्राप्त आहे. ग्रंथकर्ते घराकडे प्रेक्षकाच्या व राजकारणाच्या दृष्टीनें पाहतात. घर उभें राहिलें तें कोणाच्या द्रव्यावर, हा प्रश्न त्यांच्या विवेचनांत गौण राहतो. पुण्याच्या दरबारांतील कंपनीचा वकील चार्ल्स मॅलेट याचें नांव पेशवाईच्या अभ्यासकांस परिचितच आहे. टिपूविरुद्धचा १७९० चा तह त्यानें पुण्यास घडविला. १७९१ सालीं त्यास मिळालेल्या बॅरोनेट पदवीस विल्टशायरांतील विल्बरीचें नांव जोडलेलें होतें, व तेथील घर पुढें त्याच्या घराण्याकडे होतें. अशा घराचा इतिहास पुण्याच्या कागदपत्रांवांचून पुरा व्हावयाचा नाहीं. नॅशनल ट्रस्टनें २०२० सालीं आपल्या ताब्यांतील ९३ स्थळांचा वसाहतींशीं व गुलामगिरीशीं असलेला संबंध प्रसिद्ध केला, तेव्हां तिकडे मोठा वाद माजला. त्या वादांत पक्ष घेण्यापेक्षां मॅलेटसारख्यांची पुण्यांतील प्राप्ति व तिकडील खर्च यांचा मेळ अस्सल कागदांवरून घालणें, हें आमच्या संशोधकांस सहज हातीं घेतां येण्याजोगें कार्य आहे. ऱ्हासाच्या कारणांची चिकित्सा कशी करावी, हें शिकण्यास मात्र हा ग्रंथ अवश्य वाचावा.