उमेदवारी आणि उघडा कातळ

‘उमेदवार’ हा शब्द मराठीत फारसीतून आला आणि आल्यानंतर बराच काळ त्याने ‘उमेद’ हा आपला मूळ अर्थ सोडला नव्हता. मोल्सवर्थच्या काळी उमेदवार म्हणजे पुढे जागा मिळेल या आशेने आज बिनपगारी राबणारा, कोणाच्या तरी हाताखाली राहून काम शिकणारा मनुष्य. ‘सोनाराकडे उमेदवारी केली’, ‘वकिलाकडे उमेदवारी केली’ असे प्रयोग मागील पिढ्यांत रूढ होते. आज तोच शब्द उच्चारला की निवडणुकीचा अर्ज अथवा परीक्षेचे प्रवेशपत्र डोळ्यांपुढे येते. काम शिकणारा मागे पडला आणि अर्ज करणारा पुढे आला.

भूशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी जी मार्गदर्शनपर पत्रके व पुस्तिका निघतात, त्या वाचताना या अर्थांतराची वारंवार आठवण होते. त्यांतील माहिती सहसा खोटी नसते. संघ लोकसेवा आयोगाची संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षा, तीतून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात व केंद्रीय भूजल मंडळात मिळणाऱ्या जागा, राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, नागपूरचे भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय, तेल व खाण उद्योग, परदेशी शिष्यवृत्त्या, हे सर्व क्रमाने दिलेले असते. ‘संधी’ हा शब्द तर पानोपानी भेटतो. मात्र या गद्यात खडक कोठेही येत नाही. नवा भूशास्त्रज्ञ आपल्या क्षेत्रात शिरतो म्हणजे कोणते काम हाती घेतो, ते कोणाच्या शेजारी उभे राहून शिकतो, आणि त्याने जे पाहिले ते कोणाच्या नावे नोंदले जाते, हे प्रश्न या वाङ्मयाला पडलेलेच दिसत नाहीत. प्रस्तुत लेखक भूशास्त्राचा अभ्यासक नव्हे. खडकांविषयी पुढे जे म्हटले आहे ते प्रसिद्ध संशोधनाच्या आधाराने; खडकांविषयीच्या लेखनासंबंधी जे म्हटले आहे ते भाषाशास्त्राचा अध्यापक या नात्याने, आणि त्याची जबाबदारी सर्वस्वी त्याची.

विवेचन हवेत राहू नये म्हणून एक ठिकाण निश्चित करू. ठाण्याच्या कापूरबावडीपासून मानपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळे, गायमुख अशी गावे मागे टाकीत घोडबंदर रस्ता उत्तरेस व मग पश्चिमेस वळतो. डाव्या हातास येऊरचे डोंगर, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची पूर्वेकडील बाजू. उजव्या हातास खाडी. हे सर्व दख्खनच्या ज्वालामुखी खडकांचे राज्य आहे, परंतु ‘सगळा काळा दगड’ असे म्हणून त्याची बोळवण करता येत नाही. डोंगरांपलीकडे कान्हेरीची लेणी ज्या खडकात कोरलेली आहेत तो ज्वालामुखीतून फेकल्या गेलेल्या तुकड्यांचा, म्हणजे ब्रेशियाचा आहे. पश्चिमेस गोराई–उत्तनच्या किनाऱ्यावर राओलाइट व ट्रॅकाइट यांसारखे सिलिकाबहुल खडक आहेत. मुंबई परिसरातील यांपैकी काही खडक घाटावरील मुख्य लाव्हाप्रवाहांहून, ज्यांचे वय सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षे आहे, धाकटे ठरतात. पनवेलच्या बाजूने उत्तरेस गेलेल्या वळीमुळे येथील थर पश्चिमेकडे कललेले आहेत, आणि त्यांना ठिकठिकाणी भित्तींनी, म्हणजे डाइकांनी, छेदले आहे. सेंट झेवियर्स महाविद्यालयातील सुखेस्वाला यांनी पोल्डरव्हार्ट यांच्यासह मुंबई परिसरातील बेसाल्टांवर लिहिलेला निबंध १९५८ साली अमेरिकेतील भूशास्त्रीय संस्थेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाला. घराजवळचा दगड जागतिक चर्चेत नेता येतो याचे ते एक उत्तम उदाहरण होय.

या पट्ट्यात आज जितका खडक उघडला जात आहे तितका पूर्वी कधी उघडला गेला असेल असे वाटत नाही. मेट्रो ४ व ४अ या मार्गांच्या प्रत्येक खांबाखाली खडकापर्यंत छिद्र घेतलेले आहे. उंच इमारतींचे पाये आहेत, त्यांच्या तळघरांचे खड्डे आहेत. मानपाड्याजवळील टिकुजीनीवाडीपासून बोरिवलीच्या मागाठाण्यापर्यंत जाणाऱ्या जुळ्या बोगद्याची पायाभरणी जुलै २०२४ मध्ये झाली. त्याचा १० किलोमीटरांहून अधिक भाग उद्यानाच्या डोंगरांखालून जावयाचा आहे. भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला यापेक्षा मोठा छेद कोण देणार? पण हा छेद फार थोडा काळ उघडा असतो. पायाचा खड्डा काही आठवड्यांत काँक्रीटने भरतो. बोगदा खोदणारे यंत्र तर पुढे खडक कापीत असतानाच मागे काँक्रीटची कडी बसवीत जाते, त्यामुळे त्या खडकाचे दर्शन कोणालाही जेमतेम घडते. उरतात ती यंत्र खाली सोडण्यासाठी घेतलेली विवरे आणि कामापूर्वी घेतलेली वेधनछिद्रे. नवशिक्याच्या वाट्यास येणारे काम नेमके येथले असते: छिद्रातून निघालेल्या दगडी गाभ्याचे तुकडे पेटीत लावणे, मोजणे, आणि त्यांची नोंद करणे.

ही नोंद, म्हणजे वेधनाचा ‘लॉग’, हा एक लेखनप्रकार आहे आणि त्याची समीक्षा व्हावयास हवी. त्यात क्रियापद नसते. ‘माफक विदारित बेसाल्ट, करड्या रंगाचा, मध्यम भेगांचा’ अशी नामपदांची रांग असते, शेजारी आकडे. त्यांतील सर्वांत मानाचा आकडा डीअर यांनी १९६० नंतरच्या दशकात रूढ केलेला खडक-गुणवत्तेचा निर्देशांक. काढलेल्या गाभ्यापैकी १० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब अखंड तुकड्यांची एकूण लांबी शेकडा किती, एवढेच तो सांगतो. सोपा, स्वस्त आणि उपयुक्त असा हा आकडा आहे. त्याचा अधिक्षेप करण्याचा हेतू नाही. परंतु भेगा नसलेला मऊसर ब्रेशिया या मोजणीत उत्तम गुण मिळवतो आणि स्तंभाकार भेगांनी चिरलेली पोलादासारखी कठीण भित्ती नापास होते. हा भेद आकडा करीत नाही. तो शेजारच्या वर्णनाने करावयाचा असतो, आणि वर्णनाचा रकाना नेमका ठराविक शब्दांनी भरलेला असतो.

याहून गंभीर गोष्ट रिकाम्या जागांची. दोन लाव्हाप्रवाहांच्या मधे पुष्कळदा तांबड्या मातकट खडकाचा थर असतो. तो उघडा पडला, त्यास पाणी लागले की सैल होतो. बोगद्याच्या छताला धोका असतो तो अशा थरांचा. वेधन करताना यंत्रात सोडलेल्या पाण्याने हा थर वाहून जाण्याचा संभव असतो आणि पेटीत त्याच्या जागी काहीच येत नाही. नोंदीत ‘गाभा मिळाला नाही’ एवढेच लिहिले जाते. पण यंत्रावर उभ्या असलेल्या कामगाराने छिद्रातून परत येणारे पाणी तांबडे झालेले पाहिलेले असते. ते त्याला विचारले तर तो सांगतो. विचारण्याला रकाना नाही. ज्या थरासाठी हा सारा खटाटोप करावयाचा, त्याचा एकमेव साक्षीदार असा नोंदीबाहेर राहतो. आणि नोंद करणारा तरुण? त्याच्या नावाची आद्याक्षरे पानाच्या तळाशी असतात. पुढे सल्लागाराचा संकलित अहवाल तयार होतो त्यात तीही उरत नाहीत. अनेक वर्षे या कामात राहूनही ज्याच्या नावे एकही निरीक्षण नाही असा भूशास्त्रज्ञ ही पद्धती निर्माण करू शकते.

असे सदैव होत नव्हते. १८४७ साली लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या त्रैमासिकात रिचर्ड ओवेन यांनी मुंबईतील एका अश्मीभूत बेडकाचे वर्णन प्रसिद्ध केले. नोबल यांनी १९३० साली त्यास ‘इंडोबॅट्रॅकस’ हे नाव दिले. ओवेन यांचे टिपण ज्या निवेदनास पुरवणी म्हणून जोडलेले आहे ते जी. टी. क्लार्क यांचे. हे क्लार्क भूशास्त्रज्ञ नव्हते. मुंबई–ठाणे या पहिल्या आगगाडीच्या मार्गाची आखणी करणारे ते अभियंता होते. खोदकाम करणाऱ्याने दगडात काही विशेष पाहिले, ते कळविले, आणि कळविणाऱ्याचे नाव निबंधाच्या शीर्षकातच राहिले. पाच वर्षांनी, १८५२ मध्ये, मुंबई बेटाचे भूशास्त्र लिहिणारे एच. जे. कार्टर हेही व्यवसायाने शल्यवैद्य. विल्यम ब्लॅनफर्ड १८५५ मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षणात दाखल झाले तेव्हा तेवीस वर्षांचे होते, आणि पुढच्याच वर्षी ओरिसातील तालचेर येथील हिमानी गोट्यांचा थर त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखला. अर्थात हा काळ सुवर्णयुग म्हणून गौरविण्याजोगा नाही. निरीक्षणाचा हा मान मुख्यत्वे गोऱ्यांसाठी राखलेला होता. प्रमथनाथ बोस १८८० मध्ये सर्वेक्षणाच्या अधिकारीवर्गात आले; १९०३ मध्ये सेवेत त्यांहून कनिष्ठ असलेले हॉलंड संचालक झाले आणि बोस बाहेर पडले. १९०४ मध्ये मयूरभंजातील लोहखनिजाविषयी जमशेटजी टाटांना पत्र लिहिणारे बोस ते हेच. क्लार्क यांना सहज मिळालेली गोष्ट बोस यांना नोकरी सोडून मिळवावी लागली. आजच्या तरुणाला तीच गोष्ट परीक्षा उत्तीर्ण होऊनही मिळेल असे नाही. निदान त्याला असे काही मिळावयास हवे होते, हे तरी त्याला कोणी सांगितले पाहिजे.

नोंद सार्वजनिक नसली म्हणजे काय होते याचा दाखला याच परिसराने दिला आहे. ठाण्यात खोदण्यात आलेल्या एका कूपनलिकेमुळे भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्राकडे पाणी नेणाऱ्या भूमिगत बोगद्याला इजा होऊन गळती लागली, आणि दुरुस्तीसाठी ३१ मार्च २०२३ पासून महिनाभर मुंबईच्या पाण्यात १५ टक्के कपात जाहीर करावी लागली. जमिनीखाली काय आहे हे माहीत असणारे लोक होते. जमिनीत छिद्र घेणारेही होते. दोहोंच्या मधे एक वही नव्हती. इंग्लंडात १९२६ च्या खाण-उद्योग कायद्यापासून खनिजांसाठी १०० फुटांहून खोल जाणाऱ्या वेधनाची वर्दी सरकारी भूशास्त्रीय सर्वेक्षणास द्यावी लागते, आणि तेथील संग्रहात आज दहा लक्षांहून अधिक छिद्रांच्या नोंदी आहेत. आपल्याकडे डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय भूविज्ञान माहिती-भांडार सुरू झाले. ते स्वागतार्ह आहे. मात्र त्याचा रोख मुख्यतः खनिजशोधनाकडे आहे. मेट्रोच्या खांबाखालचा मुरूम तेथे कोण नेणार?

‘मुरूम’ म्हटला, त्यावरून भाषेकडे वळतो. विहिरी खणणारे व खाणीत काम करणारे लोक काळा पाषाण, मांजऱ्या, मुरूम, गेरू असे भेद बोलण्यात करतात. अखंड बेसाल्ट, पोकळ्यांत खनिजे भरलेला बेसाल्ट, विदारित खडक, प्रवाहांमधील तांबडा थर, हे शास्त्रातील भेद त्यांच्याशी बऱ्याच अंशी जुळतात. विश्वकोशातील भूशास्त्रविषयक नोंदी, ज्यांपैकी अनेक क. वा. केळकर यांच्या लेखणीतून उतरल्या, मराठीत हा विषय किती स्वच्छपणे सांगता येतो हे दाखवून गेल्या आहेत. शासनाचा परिभाषाकोशही आहे. पण कोशातील संज्ञा आणि यंत्राजवळील शब्द यांची गाठ कोणी घालून दिलेली नाही. इंग्रजीत शिकलेला तरुण कोशही उघडत नाही आणि कामगाराशीही बोलत नाही. तांबड्या पाण्याची बातमी त्याच्यापर्यंत पोचत नाही ती या कारणाने. घाटगे यांच्या बोलींच्या सर्वेक्षणमालेने बोलणाऱ्याच्या तोंडून ऐकून लिहिण्याची जी शिस्त घालून दिली, ती येथे जशीच्या तशी लागू पडते. बोली बोलणारा आज भेटला नाही तर उद्या त्याचा भाऊ भेटेल. बुजलेला खड्डा पुन्हा भेटत नाही.

यावर आक्षेप येईल की हे अहवाल कंत्राटाने बांधलेले असतात, उद्यानात वनखात्याच्या परवानगीवाचून पाऊल टाकता येत नाही, बांधकामाच्या जागी विद्यार्थ्यांना सोडण्यात जोखीम आहे. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु काम पुरे झाल्यावर खडकाचे वर्णन गुप्त ठेवण्यात कोणाचे व्यापारी हित साधते, हे अद्याप कोणी सांगितलेले नाही. नगरपालिका व महानगर प्राधिकरणे यांनी निविदेतच अशी अट घालावी की वेधनाच्या नोंदी, नोंद करणाराच्या पूर्ण नावासह, ठराविक मुदतीनंतर खुल्या होतील. हे आपल्या हाती नाही, हेही मान्य. जे हाती आहे ते निराळे. दाराशा वाडिया १९०७ पासून जम्मूच्या महाविद्यालयात शिकवीत होते. सुट्यांत भोवतालचे डोंगर पालथे घालीत होते. त्यांचे भारताच्या भूशास्त्रावरील पाठ्यपुस्तक १९१९ मध्ये निघाले, आणि सर्वेक्षणात ते गेले १९२१ मध्ये. जागा मिळण्यापूर्वी काम झालेले होते.

कापूरबावडी ते गायमुख हा पट्टा आरंभास पुरेसा आहे. रस्त्याच्या कडेचे जुने छेद, बंद पडलेल्या खाणी, आणि जेथे मालक अनुमती देईल तेथील पायाचे खड्डे, यांची तारीखवार वही दोन विभागांनी मिळून ठेवावी: खडक भूशास्त्राच्या विद्यार्थ्याने लिहावा, कामगाराचा शब्द आमच्या विद्यार्थ्याने. पत्रिकेच्या प्रत्येक अंकात दोन पाने या नोंदींस देण्याचे संपादकांनी तत्त्वतः मान्य केले आहे. नोंदीखाली पाहणाऱ्याचे, लिहिणाऱ्याचे आणि त्याची संमती असल्यास सांगणाऱ्याचे, अशी तीन नावे असावीत. पावसाळ्यात खड्डे पाण्याने भरतात, म्हणून दिवाळीची सुटी सोयीची पडेल.